टेबल सॉवर अचूक सांधे कापण्यासाठी घरच्या घरी जिग: सुतारकाम करणाऱ्या लाभार्थ्यांसाठी माहिती

थोडक्यात

विषय: टाकाऊ प्लायवूडपासून सरकता पाट तयार करणे, त्याचा काटकोन तपासणे आणि त्यावर बॉक्स जॉइंट कापणे
कोणासाठी: सुतारकाम या व्यवसायात नोंदणी केलेले किंवा नोंदणी करू इच्छिणारे कारागीर, विशेषतः आवडी व चेन्नई परिसरात राहणारे मराठी भाषक
लागणारा वेळ: पहिल्यांदा साधारण एक दिवस
महत्त्वाची सूचना: टेबल सॉ स्वतंत्रपणे चालवण्याचे प्रशिक्षण घेतलेले नसेल, तर हा लेख वाचून लगेच यंत्र सुरू करू नका. आधी प्रशिक्षण घ्या किंवा अनुभवी कारागिरासोबत काम करा.

तुम्हाला कोणती योजना लागू होते?

पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्यातील 18 पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. पात्र कारागिराला पुढील लाभ मिळतात:

• 5 ते 7 दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आणि इच्छा असल्यास 15 दिवसांचे प्रगत प्रशिक्षण. या काळात दररोज 500 रुपये विद्यावेतन
• अवजारांच्या संचासाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर
• तारणाशिवाय कर्ज: पहिला हप्ता 1 लाख रुपयांपर्यंत (परतफेड 18 महिने), दुसरा 2 लाख रुपयांपर्यंत (परतफेड 30 महिने), लाभार्थ्याला व्याज 5 टक्के

अर्जदाराचे वय किमान 18 वर्षे असावे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. अर्जदार किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती सरकारी सेवेत नसावी. आवडीत संरक्षण कारखाने आणि केंद्रीय दलांच्या वसाहती आहेत. तुमच्या घरातील कोणी तेथे सरकारी नोकरीत असेल, तर ही अट आधी तपासून घ्या.

आवडी हे शहर तमिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात येते. तमिळनाडू सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये ही योजना सध्याच्या स्वरूपात राबवणार नसल्याचे केंद्र सरकारला कळवले आणि राज्याची ‘कलैञर कैविनै तिट्टम’ ही स्वतंत्र योजना आणली. तिच्यात 25 प्रकारच्या कारागिरीसाठी 3 लाख रुपयांपर्यंत कर्ज आणि त्यावर 25 टक्के, कमाल 50,000 रुपये, अनुदान आहे. अर्जदाराचे वय किमान 35 वर्षे असावे लागते. आवडीतील रहिवाशांनी तिरुवळ्ळूर जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. महाराष्ट्रात राहून काम करणाऱ्यांनी जवळच्या सामाईक सेवा केंद्रातून पीएम विश्वकर्मा योजनेची नोंदणी करावी. दोन्ही ठिकाणी जाण्यापूर्वी योजनेची चालू स्थिती विचारून घ्या.

जिग का बनवायची?

जिग म्हणजे लाकूड दर वेळी एकाच जागी, एकाच कोनात धरणारा साचा. तो एकदा नीट बसवला की पहिला तुकडा आणि पन्नासावा तुकडा सारखाच निघतो.

हिशेब साधा आहे. ड्रॉवरच्या कोपऱ्याचा काप फक्त अर्धा अंश चुकला, तर 450 मिमी खोलीवर जवळपास 4 मिमी फरक पडतो, म्हणजे एक सुतापेक्षा जास्त. असा ड्रॉवर चॅनलवर अडतो, रंधा मारावा लागतो आणि दिवसाचे काम दीड दिवसाचे होते. 1 लाख रुपयांचे कर्ज 5 टक्के व्याजाने 18 महिन्यांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे 5,780 रुपये येतो. त्यामुळे पुन्हा करावे लागणारे प्रत्येक काम थेट या हप्त्याला धक्का लावते.

भारी यंत्र घेतले की अचूकता आपोआप येते, असा समज आहे. तो खरा नाही. साध्या टेबल सॉवर चांगली जिग वापरली, तर महागड्या यंत्राच्या सैल मायटर गेजपेक्षा सरळ काप मिळतो. म्हणून मोठे कर्ज घेण्यापूर्वी हाताशी असलेल्या यंत्रावर ही जिग करून पाहा.

लागणारे साहित्य

1. पाटासाठी 12 मिमी प्लायवूड, 600 × 450 मिमी. सपाट तुकडा निवडा. काचेवर ठेवून हलतो का पाहा.
2. दोन आडव्या पट्ट्यांसाठी सरळ, वाळलेले लाकूड किंवा चिकटवलेले दुहेरी प्लाय: लांबी 600 मिमी, उंची 75 मिमी, जाडी साधारण 36 ते 40 मिमी.
3. दोन रनर पट्ट्या, टणक लाकडाच्या. टेबल सॉवरच्या मायटर खाचेची रुंदी बहुधा 19 मिमी असते, पण छोट्या यंत्रांत ती वेगळी असू शकते. स्वतः मोजूनच पट्टी कापा.
4. लाकडाचा पांढरा गोंद, स्क्रू, दोन-तीन क्लॅम्प.
5. गुण्या, व्हर्नियर कॅलिपर, फिलर गेज. फिलर गेज नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद चालतो. त्याची जाडी साधारण 0.1 मिमी असते.
6. पात्यावर झाकण म्हणून 6 मिमी जाडीची पारदर्शक ॲक्रिलिक पट्टी.

दुकानात काय मागावे?

आवडी, अंबत्तूर परिसरातील हार्डवेअर दुकानांत प्लायवूड, स्क्रू, क्लॅम्प हे शब्द चालतात. जुन्या दुकानदारांकडे पुढील तमिळ शब्द उपयोगी पडतात: लाकूड म्हणजे मरम, करवत म्हणजे रंबम, पटाशी म्हणजे उळि, खिळा म्हणजे आणी, गुण्या म्हणजे मूलैमट्टम, गोंद म्हणजे पसै. सुताराला तच्चर म्हणतात. मोजमाप मिमीमध्ये लिहून नेले तर गोंधळ होत नाही. ‘सूत’ हा शब्द तेथे कळेलच असे नाही.

सरकता पाट कसा बनवावा?

कारागीर याला स्लेड म्हणतात. पुढील क्रम पाळा. ज्या पायरीत यंत्र चालू करायचे असे सांगितलेले नाही, त्या प्रत्येक पायरीत प्लग काढलेला असावा.

1. रनर पट्ट्या खाचेत बसवून पाहा. त्या हाताने सहज सरकाव्यात, पण डावी-उजवीकडे हलू नयेत. घट्ट असतील तर बारीक पॉलिश पेपर मारा. सैल असतील तर नवीन पट्टी करा. सैल पट्टीवर पुढचे कोणतेही काम टिकत नाही.
2. पट्टीची वरची बाजू टेबलाच्या किंचित वर यावी म्हणून खाचेत वॉशर ठेवा आणि त्यांवर पट्ट्या ठेवा.
3. पाते पूर्ण खाली घ्या. पट्ट्यांच्या वरच्या बाजूला गोंद लावा. पाट टेबलाच्या कडेशी समांतर ठेवून वर वजन द्या. गोंद वाळल्यावर खालून छोटे स्क्रू घाला आणि वॉशर काढा.
4. तुमच्यापासून दूरच्या कडेवर पहिली आडवी पट्टी गोंद व स्क्रूने पक्की करा. तिचा काटकोन महत्त्वाचा नाही. ती फक्त पाटाला एकत्र धरते. पाते जिथून जाईल तिथे स्क्रू घालू नका.
5. पाते टेबलापासून 25 मिमी वर घ्या. यंत्र चालू करून पाट हळूहळू पुढे ढकला. काप पाटाच्या साधारण तीन-चतुर्थांशापर्यंत गेला की थांबा, यंत्र बंद करा आणि पाते पूर्ण थांबल्यावरच पाट उचला.
6. तुमच्या बाजूची दुसरी आडवी पट्टी आता बसवा. हीच पट्टी कापाचा कोन ठरवते. तिला गोंद लावू नका. उजव्या टोकाला एकच स्क्रू घाला, डावे टोक क्लॅम्पने धरा. कापाच्या रेषेला गुण्या लावून पट्टी शक्य तितकी काटकोनात ठेवा.
7. मागच्या पट्टीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पाते बाहेर येऊ शकते तिथे, 75 मिमी जाडीचा लाकडी ठोकळा गोंदाने चिकटवा. या भागात स्क्रू नको. पाते या ठोकळ्याच्या आतच राहावे यासाठी पाटाची चाल अडवणारा स्टॉपर टेबलाला लावा. ठोकळ्यावर लाल रंग द्या. तेथे अंगठा कधीही ठेवू नका.
8. दोन्ही आडव्या पट्ट्यांच्या माथ्यावर, कापाच्या रेषेवर, ॲक्रिलिकची पट्टी स्क्रूने बसवा. हा पाट वापरताना यंत्राचे मूळ झाकण काढावे लागते, म्हणून ही पट्टी ऐच्छिक समजू नका.

पाच कापांची चाचणी

गुण्याने तपासलेला काटकोन डोळ्याला बरोबर दिसतो, पण ड्रॉवरला पुरत नाही. पाच कापांच्या चाचणीत चूक चौपट होऊन समोर येते. त्यामुळे साध्या व्हर्नियरनेही ती पकडता येते.

1. साधारण 400 मिमी चौरस प्लायचा तुकडा घ्या. चारही कडांना क्रमांक द्या.
2. उजव्या कडेवरून पातळ पट्टी कापा. मग तुकडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, म्हणजे नुकतीच कापलेली कड तुमच्या बाजूच्या आडव्या पट्टीला टेकेल. पुन्हा कापा. असे चार काप घ्या.
3. पाचव्या वेळी पहिलीच कड पुन्हा उजवीकडे येईल. या वेळी साधारण 20 मिमी रुंद पट्टी कापा. कापण्यापूर्वी तिच्या तुमच्याकडील टोकावर ‘अ’ आणि दूरच्या टोकावर ‘ब’ लिहा.
4. व्हर्नियरने दोन्ही टोकांची रुंदी मोजा.

उदाहरण पाहा. ‘अ’ टोक 20.6 मिमी आणि ‘ब’ टोक 20.2 मिमी आले. फरक 0.4 मिमी. त्याला 4 ने भागा: 0.1 मिमी. ही चूक 400 मिमी लांबीवर आहे. आडव्या पट्टीच्या उजव्या स्क्रूपासून डाव्या क्लॅम्पपर्यंतचे अंतर 500 मिमी असेल, तर डावे टोक 0.1 × 500 ÷ 400, म्हणजे सुमारे 0.125 मिमी सरकवायचे.

एवढे बारीक अंतर हाताने सरकवता येत नाही. त्यासाठी एक ठोकळा घ्या. टोक तुमच्याकडे आणायचे असेल, तर पट्टीच्या मागे ठोकळा आणि पट्टी यांच्यामध्ये फिलर गेजचे पाते किंवा एक कागद ठेवून ठोकळा क्लॅम्पने पक्का करा. मग कागद काढा, पट्टीचा क्लॅम्प सैल करा आणि पट्टी ठोकळ्याला टेकवा. टोक पुढे न्यायचे असेल, तर ठोकळा आधी पट्टीला टेकवून पक्का करा आणि नंतर मध्ये कागद घाला. कोणत्या दिशेला सरकवायचे हे सुरुवातीला लक्षात येत नाही. एका दिशेला सरकवून चाचणी पुन्हा करा. फरक वाढला तर उलट दिशा बरोबर होती.

पाचव्या पट्टीच्या दोन टोकांतील फरक 0.1 मिमीपर्यंत आला की घरगुती फर्निचरसाठी काटकोन पुरेसा आहे. आता डाव्या टोकालाही स्क्रू घाला आणि चाचणी एकदा परत करा, कारण स्क्रू आवळताना पट्टी किंचित सरकते. पाटावर तारीख लिहून ठेवा.

एकाच मापाचे अनेक तुकडे हवे असतील, तर आडव्या पट्टीला ठोकळा क्लॅम्प करून स्टॉपर बनवा. ठोकळ्याची खालची कड थोडी छाटा; तेथे भुसा साचला तर माप बदलते.

त्याच पाटावर बॉक्स जॉइंट

बॉक्स जॉइंट म्हणजे दोन फळ्यांची बोटे एकमेकांत अडकवलेला सांधा. गोंदाला भरपूर जागा मिळत असल्याने तो ड्रॉवर आणि पेटीसाठी भक्कम असतो. येथे आपण एका पात्याच्या कापाएवढी, साधारण 3 मिमी, बोटे घेत आहोत. त्यामुळे वेगळे पाते विकत घ्यावे लागत नाही.

1. एका टाकाऊ फळीत काप घेऊन त्याची रुंदी व्हर्नियरने मोजा. पात्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका.
2. तेवढ्याच जाडीची टणक लाकडाची काडी तयार करा. ही मार्गदर्शक काडी.
3. साधारण 150 मिमी उंच, सरळ प्लायची पट्टी घ्या. तिच्यावर एक काप घेऊन काडी त्यात उभी बसवा, पुढे साधारण 20 मिमी बाहेर ठेवा. ही पट्टी आडव्या पट्टीला अशी क्लॅम्प करा की काडी पात्याच्या उजवीकडे येईल आणि काडी व पाते यांच्यात बरोबर एका कापाएवढे अंतर राहील. अंतर मोजण्यासाठी काडीचाच दुसरा तुकडा मध्ये ठेवा.
4. पात्याची पाटावरील उंची फळीच्या जाडीपेक्षा केसभर जास्त ठेवा. बोटे नंतर घासून समपातळीत आणता येतात. आखूड बोटे लांब करता येत नाहीत.
5. पहिली फळी उभी धरून तिची कड काडीला टेकवा आणि काप घ्या. मग तो काप काडीवर बसवून पुढचा काप घ्या. असे शेवटपर्यंत करा.
6. दुसऱ्या फळीसाठी पहिली फळी उलटी फिरवा. तिचा पहिला काप काडीवर बसवा, म्हणजे तिचे पहिले बोट काडी आणि पाते यांच्यामध्ये येईल. तिच्या कडेला दुसरी फळी टेकवून काप घ्या. मग पहिली फळी काढा आणि दुसरीचे पुढचे काप पूर्वीप्रमाणेच घ्या.
7. दोन टाकाऊ तुकड्यांवर सांधा जुळवून पाहा. घट्ट असेल तर काडी पात्याच्या किंचित जवळ, सैल असेल तर किंचित दूर सरकवा. हाताच्या दाबाने बसणारा सांधा योग्य. हातोडी लागत असेल तर गोंद लावल्यावर तो बसणार नाही, कारण गोंदाने लाकूड फुगते.

प्लायची पापुद्री उडत असेल तर फळीच्या मागे नवा टाकाऊ तुकडा ठेवा.

सुरक्षितता

• हातमोजे घालू नका. पाते ते ओढून घेते. सैल बाह्या, उपरणे, मनगटातील धागा काढा किंवा आत खोचा.
• चष्मा, कानाचे संरक्षण आणि धूळरोधक मास्क वापरा.
• टेबल सॉच्या फेन्सला लाकूड टेकवून त्याच वेळी पाट वापरू नका. कापलेला तुकडा फेन्स आणि पाते यांच्यात अडकून तुमच्या दिशेने उडतो.
• पात्यामागची रायव्हिंग नाइफ शक्य तेथे काढू नका.
• 100 मिमीपेक्षा लहान तुकडा हाताने धरू नका, क्लॅम्पने धरा.
• घाई असेल, झोप अपुरी असेल किंवा वीज सारखी जात असेल, त्या दिवशी हे काम पुढे ढकला.

जखम झाल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात हृदयापेक्षा उंच धरा आणि 108 वर फोन करा. ही सेवा तमिळनाडू व महाराष्ट्र दोन्हीकडे आहे. बोट तुटले असल्यास ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट लावू नका.

विम्याबाबत एक गोष्ट आधीच जाणून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता 20 रुपये आहे आणि 18 ते 70 वयातील बँक खातेदार ती घेऊ शकतात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास 2 लाख रुपये, तर एका डोळ्याची दृष्टी किंवा एका हाताचा अथवा पायाचा वापर कायमचा गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. एखादे बोट गमावणे या व्याख्येत बसत नाही. सुताराच्या हातून काम जाण्यासाठी मात्र एक बोटही पुरते. विमा जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर लाल ठोकळ्याजवळ हात नेऊ नका.

हवामानानुसार देखभाल

चेन्नई परिसरात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. महाराष्ट्रात तो जून ते सप्टेंबर असतो. दमट हवेत लाकडी रनर फुगतात आणि पाट अडकतो. अशा वेळी रनर खूप घासू नका. कोरड्या दिवसांत ते सैल पडतील. आधी मेण लावून पाहा. पाट भिंतीला टेकवून उभा न ठेवता सपाट ठेवा. पावसाळा सुरू होताना आणि संपल्यावर पाच कापांची चाचणी पुन्हा करा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: ई-व्हाउचरमधून प्लायवूड घेता येईल का?
उत्तर: नाही. व्हाउचर अवजारांच्या संचासाठी आहे. जिगसाठी कामावरचे उरलेले तुकडे पुरतात.

प्रश्न: कर्जातून टेबल सॉ घेता येईल का?
उत्तर: कर्ज व्यवसायवाढीसाठी असल्याने यंत्राचा विचार करता येतो. खरेदीपूर्वी बँकेला दरपत्रक दाखवा आणि मासिक हप्ता तुमच्या कामातून निघतो का ते पाहा.

प्रश्न: हातातील सर्क्युलर सॉ टेबलाखाली उलटी बसवून हीच जिग वापरता येईल का?
उत्तर: तसे करू नका. त्यात स्विच अडकवून ठेवावा लागतो, आणीबाणीत यंत्र लगेच बंद होत नाही आणि पात्याचे झाकणही राहत नाही.

प्रश्न: माझ्याकडे टेबल सॉ नाही. मग काय करावे?
उत्तर: हातकरवतीसाठी मायटर बॉक्स बनवा. तत्त्व तेच आहे: आधी साच्याचा काटकोन तपासा, मग लाकूड कापा.

प्रश्न: प्रशिक्षणाला जाताना स्वतःची जिग न्यावी का?
उत्तर: नेता आली तर न्या. पाचव्या कापाची पट्टी, तिच्यावर लिहिलेली दोन मापे आणि जोडलेला एक कोपरा सोबत ठेवा. प्रशिक्षकाला तुमचे काम दाखवून चुका विचारण्याची ती चांगली संधी आहे. हाच कोपरा ग्राहकालाही दाखवता येतो.